कागदावरची दीड वर्षं

टिलबर्गच्या ज्या गल्लीत शामला निगवेकर राहते, तिथली सगळी घरं एकमेकांना खांदा लावून उभी आहेत. विटांची, अरुंद, रस्त्याच्या बाजूला भली मोठी काच. खाली पुढची खोली, स्वयंपाकघर आणि संडास, वर झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर, त्याच्यावर माळा. या तिन्हींना जोडणारा जिना इतका उभा, की त्याला जिना म्हणावं का शिडी, हे ठरवता येऊ नये. पायरीवर अख्खं पाऊल मावत नाही. उतरताना पाय तिरके टाकावे लागतात.

खालच्या पुढच्या खोलीत शामलाचं शिवणाचं मशीन होतं आणि काचेत डच भाषेतली छोटी पाटी: कपडे दुरुस्त करून मिळतील. पॅन्ट आखूड करायची, कोटाची चेन बदलायची, बारीक झालेल्या माणसाचा शर्ट आत घ्यायचा. या देशात नवे कपडे स्वस्त आणि शिलाई महाग. त्यामुळं जुना कपडा घेऊन कोणी दारात उभं राहिलं, की त्या कपड्यामागं काहीतरी गोष्ट असणार हे शामला धरूनच चालायची. मेलेल्या नवऱ्याचा स्वेटर, लेकीच्या लग्नातला झगा. ती फार विचारायची नाही. टाचण्या तोंडात धरलेल्या असल्या की बोलता येत नाही, याचा एक फायदा असतो. समोरचं माणूस आपणहून बोलायला लागतं.

ती इथं आली सन दोन हजारमध्ये, नवऱ्याच्या व्हिसावर, कडेवर दोन वर्षांची ऋता घेऊन. सुदर्शन एका माल-वाहतुकीच्या कंपनीत गोदामांची सॉफ्टवेअर बनवायचे. ऑफिसात सगळं इंग्रजीत, म्हणून त्यांचं डच कधी पुढं सरकलंच नाही. शामला मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी बोलायची वेळ आली की तिची जीभ आजही अडखळते, कारण ते आपल्याला यायला पाहिजे होतं ही लाज पोटात असते. डचचं तसं नव्हतं. ते कुणालाच येत नव्हतं, मग लाज कसली! चुकत-माकत, भाजीवाल्याशी, बसवाल्याशी, शाळेच्या फाटकातल्या आयांशी बोलत ती दोन वर्षांत बोलकी झाली.

ती डचच्या वर्गालाही जायची; तिथंच पहिल्यांदा तिच्या वाढदिवसाचा घोळ झाला. एक जून होता. बाई वर्गात आल्या, टाळी वाजवली, आणि सगळे गायला लागले. शामलानं मागं वळून बघितलं, कुणाचा आहे म्हणून. तिचाच होता. बाईंच्या यादीत पासपोर्टवरची तारीख होती. इकडची रीत अशी, की ज्याचा वाढदिवस त्यानंच केक आणायचा. शामलाच्या पिशवीत वही आणि एक केळं. बाई जरा खट्टू झाल्या. मग शेजारची मोरोक्कोची फातिमा हळूच म्हणाली, "काळजी करू नकोस. या वर्गात आम्ही सातजण एक जानेवारीला जन्मलोय."

सुदर्शनचीही तारीख एक जून. नगरपालिकेत नाव नोंदवताना खिडकीतल्या मुलीनं दोघांचे पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "दोघांचाही?" सुदर्शन म्हणाले, "हो, आमच्याकडं त्या सुमारास शाळा सुरू होतात." तिला काही कळलं नाही. तिनं हसून शिक्का मारला. वर्गातल्या त्या घोळापासून दर एक जूनला शामला रव्याचा एक केक करते, एकात दोघांचं भागतं, आणि शेजारीपाजारी हात मिळवून जातात. खरा जन्म मात्र तिचा दत्तजयंतीचा. त्या दिवशी ती दत्ताच्या तसबिरीपुढं पेढा ठेवते. कुणाला सांगत नाही.

गारगोटीच्या बाजूला तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. आई-वडील दोघं गिरणीत, आणि ही साडेचार वर्षांची पोर सारखी पट्ट्याजवळ. एकदा परकराचं टोक पट्ट्यात गेलं, वडिलांनी वेळेवर ओढलं म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी आईनं तिला थोरल्या भावाबरोबर शाळेत धाडलं. पोवार मास्तरांनी विचारलं, वय काय? आई म्हणाली, तुम्हीच लिवा, पर पोरीला घरी धाडू नका. पहिलीत बसायला सहा पूर्ण लागत. मास्तरांनी मागं हिशेब करून तारीख लिहिली, आणि शामला त्या दिवशी दीड वर्षानं मोठी झाली. त्यात कुणाला पाप वाटलं नाही. मास्तरांना तर पुण्यच वाटलं असेल.

पन्नास वर्षं ती तारीख निमूटपणे तिच्या मागं चालत आली. दहावीच्या दाखल्यावर, लग्नाच्या नोंदीवर, पासपोर्टवर. कधी टोचली नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत सुदर्शन जिन्यावरून पडले.

एका गुडघ्याचं ऑपरेशन आधीच झालेलं, दुसरा गेलेला. पहाटे अंघोळ करून उतरताना पाय सुटला आणि सहा पायऱ्या खाली आले. मोडलं काही नाही, पण त्या दिवसापासून जिना म्हटलं की त्यांचा चेहरा बदलायचा. दवाखान्यातली डॉक्टरबाई सरळच म्हणाली, "गुडघ्याचं मी बघेन. घराचं तुम्ही बघा."

आणि घर जणू चालत आलं. शामलाची एक जुनी गिऱ्हाईक होती, मॉरीन. इंग्रज. नवरा ब्रायन इथल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला. अठ्ठावीस वर्षं या देशात काढून ब्रायनला डचमध्ये फक्त बिअर मागता यायची, आणि मॉरीनला तीही नाही. दोघांनी बारा वर्षांपूर्वी 'लिंडेहोफ' नावाच्या संकुलात घर घेतलं होतं. पंचावन्नच्या पुढच्या माणसांचंच संकुल ते. लिफ्ट, रुंद दारं, उंबरा नाही, न्हाणीघरात धरायला दांडे, खाली कॉफीची सामायिक खोली. तिथल्या मालकांची बैठक असली की मॉरीन शामलाला बरोबर न्यायची. शामला डचमधलं ऐकून आपल्या मोडक्या इंग्रजीत मॉरीनला सांगायची आणि मॉरीन ते ब्रायनच्या कानात ओरडून सांगायची. असं करता करता लिंडेहोफमधले सगळे शामलाला ओळखायला लागले होते.

एप्रिलमध्ये मॉरीन स्कर्ट सैल करून घ्यायला आली आणि म्हणाली, "आम्ही निघालो गं. लीड्सला, मुलीजवळ. ब्रायन म्हणतो, मरताना तरी नर्सला काय दुखतंय ते सांगता आलं पाहिजे."

शामलाच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्या काढल्या.

"घर तू घे," मॉरीन म्हणाली. "तुझ्या नवऱ्यासाठी. आम्ही दुसऱ्या कुणाला अजून विचारलेलं नाही."

निगवेकरांचं घर विकून ते घर येत होतं. अडचण एकच. राहणारा प्रत्येक माणूस पंचावन्न पूर्ण केलेला हवा, आणि गिऱ्हाईक मालकांच्या कमिटीनं मान्य करायला हवं. नाहीतर प्रतीक्षायादीतलं पहिलं नाव उचलायचं. सुदर्शन एकसष्ट. शामला कागदावर येत्या एक जूनला पंचावन्न.

"दोन महिने थांबायला काय होतंय," ब्रायननं निरोप पाठवला.

सुदर्शन त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसले. "बघ, पोवार मास्तर कुठं कामाला आले!" ते म्हणाले. शामलालाही वाटलं, दत्तानंच दार उघडलं. तिनं संध्याकाळी दिवा लावताना जरा जास्त वेळ हात जोडले.

मग मे महिन्यात फॉर्म आला. नाव, पत्ता, जन्मतारीख. हे तिनं आयुष्यात शंभर वेळा भरलं होतं. पण खाली, सहीच्या वर, एक ओळ होती: माझ्या वयाची पंचावन्न वर्षं पूर्ण झाली आहेत असं मी जाहीर करते. एक जूननंतर सही करायची होती.

ती ओळ तिनं वाचली आणि पेन खाली ठेवलं. तारीख मास्तरांनी लिहिली होती. ही ओळ तिला लिहायची होती.

"झालं काय?" सुदर्शननी विचारलं.

"अहो, मी त्रेपन्न वर्षांची आहे."

"अगं, पासपोर्ट काय म्हणतो? लायसन्स काय म्हणतं? सगळ्या जगात कुठं तुझी दुसरी तारीख आहे का?"

"पत्रिकेत आहे."

"पत्रिका!" सुदर्शन म्हणाले. "आपले गुण किती जुळले होते त्या पत्रिकेत? एकोणतीस. त्यावरूनच कळतं तिच्यावर किती भरवसा ठेवायचा ते."

ती हसली, पण सही केली नाही. यादीतलं पहिलं नाव कुणाचं आहे, हे तिला मॉरीनच्या बैठकांमुळं ठाऊक होतं. शेजारच्या खोर्ले गावातलं एक जोडपं. चार वर्षं थांबलेलं. बाई एकदा कॉफीला येऊन खिडकीची मापं घेऊन गेली होती, पडद्यांसाठी. मॉरीनच्याच घराच्या खिडकीची असं नव्हे; तिथल्या सगळ्या घरांच्या खिडक्या सारख्याच. ती वाकून टेप लावत होती ते शामलाच्या डोळ्यांसमोरून जाईना.

ऋता डीमनला राहते, ॲमस्टरडॅममध्ये नोकरी करते. तिचा फोन आला. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलताना तिची गाडी आपल्या रुळावरून जाते.

"आई, लीगली यू आर फिफ्टी-फाइव्ह. फुल स्टॉप. नॉट युअर फॉल्ट की तुझ्या टीचरनं काय लिहिलं."

"फॉल्ट माझा नाहीच गं. पण सही माझी आहे ना."

"ओके, यू आर ऑनेस्ट, आय लव्ह दॅट. पण बाबा परत पडले तर?"

शामलानं जिन्याकडं बघितलं. मग म्हणाली, "ते मला रोज दिसतं, ऋता. जिना मीच पुसते."

तिनं गावी गुरुनाथदादाला फोन लावला. तो आता साठी ओलांडलेला, गिरणी मुलाला देऊन देवळाच्या पारावर बसणारा.

"दादा, माझा जन्म नक्की कधीचा?"

"एवढ्या वर्षांनी काय गं काढलंस? पोवार मास्तरानं त्या साली एका दिवसात एकोणीस पोरं जन्माला घातली. गावात सुईण एक. तिला तरी झेपलं असतं का?"

"चेष्टा नको. खरं सांग."

"मार्गशीर्षाची पुनव. आई वाडीला निघाली होती दत्ताच्या दर्शनाला. एस.टी.च्या थांब्यावरनंच परत आणली. मला चांगलं आठवतंय, कारण वाडीचा पेढा मिळाला नाही म्हणून मी दिवसभर रडलो. घरात बहीण आली ह्याचं कुणाला कौतुक होतं!"

"साल?"

"साल पत्रिकेत हाय. नातवाला सांगतो फोटो धाडायला."

संध्याकाळी फोटो आला. पिवळ्या कागदावर चौकटी, जोशांचं किरटं अक्षर, शके अठराशे ब्याण्णव. सुदर्शननी चष्मा लावून वाचला.

"लोक पायावर धोंडा पाडून घेतात," ते म्हणाले, "पण तू पहिलीच, जी धोंडा गावाहून मागवते."

त्यानंतर ते दोन दिवस नीट बोलले नाहीत. रागावले की ते भांडत नाहीत. ताट स्वतः वाढून घेतात. शामला रोजच्यासारखी देवापुढं बसायची, पण देव दिसायचा नाही, फॉर्म दिसायचा. तिला स्वतःचाही राग आला. नवऱ्याचा पाय एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला काय, तर दीड वर्ष. एवढं काय त्या दीड वर्षाचं? आयांनी पोरं वाचवायला मास्तरांना खोटं लिहायला सांगितलं, त्या काय कमी देवभोळ्या होत्या? मग तिला वाटायचं, त्या खोट्यानं कुणाला पाटावरून उठावं लागलं नव्हतं. शाळेत जागा होती. इथं एकच घर आहे.

शेवटी तिनं ठरवलं, की कमिटीला सांगून टाकायचं. पुढचं त्यांनी बघावं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लिंडेहोफच्या खालच्या खोलीत भेट ठरली. अकराची वेळ, म्हणजे अकरालाच. कमिटीच्या अध्यक्ष विलेमीनबाई, चौऱ्याहत्तरच्या, एकेकाळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. पाठ ताठ, केस पांढरे आणि आखूड. शेजारी टिपणं घेणारे हेंक. कॉफी आली, प्रत्येकाच्या बशीत एक बिस्कीट. सुदर्शन लिफ्टच्या दाराकडं बघत बसले होते. कोणीतरी चाकाची खुर्ची घेऊन सहज आत गेलं, दार मिटलं, आणि गेलंसुद्धा.

"फॉर्म आणलात?" विलेमीननी विचारलं.

"आणलाय. सही केलेली नाही. आधी एक सांगायचं आहे."

आणि शामलानं सांगितलं. गिरणी, पट्टा, परकर, मास्तर. डचमध्ये तिला 'परकर' सांगता येईना तेव्हा तिनं उभं राहून हातानं दाखवला. पत्रिकेचा फोटो पुढं केला. हेंकनी फोन आडवा-उभा करून बघितला आणि म्हणाले, "हा घराचा नकाशा आहे का?"

"नाही, माझा आहे," शामला म्हणाली.

विलेमीननी चष्मा काढला. "मी चाळीस वर्षं शाळेत काढली. एकाही मुलाची तारीख मी बदलली नाही."

"तुमच्या शाळेशेजारी पिठाची गिरणी नसेल."

हेंक खो खो हसले. विलेमीन हसल्या नाहीत, पण त्यांनी शामलाकडं जरा नीट बघितलं.

"खरं सांगू का?" हेंक म्हणाले. "तुम्ही गप्प राहिला असतात तर आम्ही आता केकची ऑर्डर देत असतो."

"मला माहीत आहे," शामला म्हणाली.

विलेमीननी कप बाजूला सरकवला. इकडची माणसं महत्त्वाचं बोलण्याआधी हात मोकळे करतात. "बाई, स्पष्ट बोलते. नोटरी पासपोर्ट बघेल. पासपोर्टप्रमाणं तुम्ही पंचावन्नच्या आहात. हा चौकटींचा कागद त्याच्या दृष्टीनं कागदच नाही. त्यावर शिक्का नाही. तुम्ही सही केलीत तर घर तुमचं. आम्ही आडवं येणार नाही, आणि कुणाला सांगणारही नाही. नाही केलीत तर खोर्लेच्या माणसांना आज फोन जाईल. ठरवायचं तुम्ही. तुमचं काय म्हणणं आहे?"

शामलाला हे अपेक्षित नव्हतं. तिला वाटलं होतं, खरं एकदा बोलून टाकलं की आपलं काम संपलं. नाही म्हणाले तर देवाची इच्छा. हो म्हणाले तर देवाची कृपा. पण या लोकांनी देवाचं नाव न घेता सगळं उचलून परत तिच्याच पदरात टाकलं होतं.

तिनं सुदर्शनकडं बघितलं नाही. त्यांच्या गुडघ्याकडं बघितलं. बसताना त्यांनी तो लांब करून ठेवला होता, आणि हात सारखा त्याच्यावरून फिरत होता, मांजराच्या पाठीवरून फिरावा तसा. सहा पायऱ्या. पुढच्या वेळी बारा असतील. दत्ताला काय, तो समजून घेईल. समजून घेण्यासाठीच तर तो असतो. खोर्लेच्या बाईचे पाय धडधाकट आहेत, ती सायकलवरून आली होती. शामलानं फॉर्म जवळ ओढला. पेन उचललं. टोपण काढलं.

"माझी बायको त्रेपन्न वर्षांची आहे," सुदर्शन म्हणाले.

डचमध्ये म्हणाले. चोवीस वर्षांत त्यांनी बैठकीत डच वाक्य बोललेलं शामलानं ऐकलं नव्हतं. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं.

"डिसेंबरमध्ये चोपन्न होईल," ते थांबत थांबत, शब्द शोधत म्हणाले. "पुढच्या डिसेंबरात पंचावन्न. तेव्हा लिहा आमचं नाव. त्या लोकांना फोन करा."

विलेमीननी शामलाकडं बघितलं. "तुमचंही हेच?"

शामलाच्या हातात पेन तसंच होतं. "हो," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

हेंकनी यादीच्या कागदावर लिहिलं. विलेमीन उठल्या, दोघांशी हात मिळवला, आणि जाता जाता म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मी खूप पालक बघितले." पुढं काही म्हणाल्या नाहीत. ते कौतुक होतं की तक्रार, हे शामलाला अजून कळलेलं नाही.

गाडी शामलाच चालवत होती. तिसऱ्या सिग्नलला लाल दिवा लागला.

"मी सही करणार होते," ती म्हणाली.

"दिसलं मला. म्हणून तर बोललो."

"पण तुम्हीच तर इतके दिवस..."

"मी म्हणत होतो ते बरोबरच होतं," सुदर्शन म्हणाले. "अजूनही बरोबर आहे. पण गेले पंधरा दिवस तू त्या डाइकबाईंचा एकच कोट तीनदा उसवलास. आमटीत दोनदा मीठ घातलंस, एकदा घातलंच नाहीस. सही केली असतीस तर त्या घरात रोज सकाळी तोंड पाडून बसली असतीस. लिफ्टनं खालीवर करत तुझं तसलं तोंड बघायचं, त्यापेक्षा जिना बरा."

"मीठ घातलं नव्हतं तर सांगायचं होतंत."

"मी रागावलेलो होतो ना. कसं सांगणार?"

शामलाला हसू आलं आणि रडूही आलं, आणि सिग्नल हिरवा झाला म्हणून दोन्ही राहून गेलं.

ऑगस्टमध्ये खोर्लेचं जोडपं लिंडेहोफात राहायला आलं. मॉरीन जाताना शामलाच्या गळ्यात पडून रडली. ब्रायननं तिचा हात हातात घेतला आणि इंग्रजीत काहीतरी म्हटलं. त्यात एक शिवी होती आणि 'प्रामाणिक' हा शब्द होता. एवढं तिला कळलं.

घरात मग उलथापालथ झाली. सुदर्शनचा पलंग खाली पुढच्या खोलीत आला आणि शिवणाचं मशीन वर गेलं. ऋतानं दोन मित्र आणले, त्यांनी मशीन दोरानं बांधून जिन्यावरून ओढलं. मध्येच ते अडकलं तेव्हा तिघंही तीन भाषांत ओरडत होते. आता गिऱ्हाइकांना वर चढावं लागतं. म्हाताऱ्या बायकांना जमत नाही, म्हणून शामलाच टाचण्या घेऊन खाली येते आणि बोळात उभं करून त्यांची मापं घेते. दोन गिऱ्हाइकं तुटली. न्हाणीघर वरच आहे, ते कुठं हलवणार? एक दिवसाआड सुदर्शन जिन्याकडं पाठ करून बसतात आणि बसल्या बसल्या हातांच्या जोरावर एकेक पायरी वर सरकतात. शामला खाली उभी राहते, टॉवेल खांद्यावर टाकून. तेरा पायऱ्या. ती मोजत नाही असं म्हणते.

यादीत त्यांचं नाव आहे, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरची तारीख घालून. तो डिसेंबर उजाडला तरी घर रिकामं होईलच असं नाही. आणि रिकामं होणं म्हणजे काय, तर तिथलं कुणीतरी गेलेलं असणं. त्यामुळं लवकर होऊ दे, अशी प्रार्थनासुद्धा करता येत नाही. शामलानं एकदा हात जोडले, तोंडाशी आलेलं परत गिळलं, आणि नुसतंच म्हणाली, सगळ्यांना बरं ठेव.

देव मात्र तिला परत दिसायला लागला आहे.

एक नवी अडचण निघाली. पुढच्या खोलीची काच मोठी, आणि इकडं कुणी पडदे लावत नाही. सकाळी कामाला जाणारी माणसं, शाळेची पोरं, कुत्री फिरवणारे, सगळ्यांना पलंगावरचे सुदर्शन दिसायचे, चहा पिताना, पेपर वाचताना, कधी घोरताना. पहिले चार दिवस ते भिंतीकडं तोंड करून बसले. "मी काय दुकानात मांडलोय का?" म्हणाले.

शामलानं पेटीतून एक जुनी इरकली साडी काढली, काठ शाबूत, अंग विरलेलं, आणि रविवारी सकाळी तिचा अर्ध्या काचेइतका पडदा बेतला. लोकांचं सगळं शिवताना स्वतःच्या घरासाठी काही शिवून तिला किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. ती स्टुलावर चढून पडदा काचेला धरून उभी राहिली.

"इथपर्यंत चालेल?"

सुदर्शननी मान उंच करून बघितलं. बाहेरून पोस्टमन सायकलवरून चालला होता. त्यानं सवयीनं आत बघितलं आणि हात केला. सुदर्शनचा हात आपोआप वर गेला.

"जरा खाली घे," ते म्हणाले. "तोंड दिसायला पाहिजे. नाहीतर लोकांना वाटायचं, म्हातारा गेला."

"असलं अभद्र बोलू नका सकाळी सकाळी," शामला म्हणाली, आणि पडदा वीतभर खाली घेऊन तिनं पहिली टाचणी लावली.